साहेबांनी कानात सांगितलेला हुकूम

बद्रुद्दीन कारकुनाला त्या तालुक्यात त्याच्या कामासाठी कोणी ओळखत नव्हतं. यात त्याचा कमीपणा नाही. कामासाठी ओळखलं जावं असं त्या कचेरीत कोणीच नव्हतं. त्याचं नाव होतं ते भाषणासाठी. घाटावरच्या त्या गावात तहसीलदाराची बदली झाली की कचेरीच्या आवारात मांडव पडायचा, पानसुपारी व्हायची आणि निरोपाचं भाषण करायला बद्रुद्दीन उभा राहायचा. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या गळ्यात बांधल्यापासून नागपूरहून साहेब येत होते आणि जात होते, त्यामुळे त्याच्या भाषणाला खंड असा कधी पडला नाही.

माणूस अंगानं काडी. काळी शेरवानी, डोळ्यांत सुरमा, आणि आवाज मात्र रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमणारा. तो उभा राहिला की वकील मंडळी पानाचा तोबरा गालात सारून कान द्यायची. त्याची रीत अगदी सोपी होती. साहेबाचा जो दोष असेल त्यालाच तो अत्तर लावायचा. एक साहेब दुपारभर टेबलावर डोकं ठेवून घोरायचे. त्यांच्याबद्दल तो म्हणाला, "हुजूर होते तोवर या कचेरीत कसली गडबड म्हणून झाली नाही." दुसरे इतके ओरडायचे की बाहेर बांधलेले बैल दावं तोडायचे. त्यांना तो म्हणाला, "गरिबाला आत यायची गरजच पडली नाही, हुजूरचा इन्साफ फाटकापर्यंत ऐकू जायचा." आणि तिसऱ्या एका साहेबांच्या घरी तुपाचे डबे ठेवायला जागा उरली नव्हती, त्यांना निरोप देताना बद्रुद्दीन डोळे पुसत म्हणाला की यांच्या दारी कोणी कधी रिकाम्या हातानं आला नाही. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक असायचं. साहेबांनाही असायचं. पण झेंडूच्या हारांत नाकापर्यंत बुडालेल्या माणसाला त्या वेळेपुरतं सगळं खरंच वाटतं.

शिवाय पानसुपारीचा एक शिरस्ता होता. तिथं बोललेलं कोणी खोडायचं नाही. ज्याची स्तुती झाली त्यानं शेवटी उठून "मी एवढ्या स्तुतीला पात्र नाही" एवढंच म्हणायचं आणि बसायचं. म्हणजे झालं ते सगळं त्याला कबूल आहे, असं गाव धरून चालायचं.

बद्रुद्दीनच्या बायकोला, सरवरीला, हे मुळीच पटत नसे. ती पिंपळगाव राजाची, घाटाखालच्या उन्हात वाढलेली, आणि जिभेला तिथली धग अजून होती.

"त्या मेल्यानं परवा चपराशाच्या अंगावर दौत फेकली, अन् आज तुम्ही त्याले फरिश्ता म्हनून आले? घरात तर तुम्हाले मीठ जास्त झालं तरी लपवता येत नाही!"

"अवं, जानाऱ्याले चांगलंच बोलावं लागते," बद्रुद्दीन शेरवानी खुंटीला अडकवत म्हणायचा. "मयतीत कोनी गाऱ्हानं सांगते काय?"

मग उत्तमराव तहसीलदार आले, आणि कचेरीला आपण आजवर किती सुखात होतो ते कळलं.

उत्तमरावांनी नागपुरात कुठंतरी कामाच्या गतीवर व्याख्यान ऐकलं होतं. व्याख्यान ऐकलेला साहेब आणि शेपटीखाली तिखट लागलेला बैल सारखेच, दोघंही समोर काय आहे ते पाहत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून हुकूम सोडला: "यापुढे कोणताही कागद एका टेबलावर एका रात्रीपेक्षा जास्त मुक्काम करणार नाही. संध्याकाळी मी स्वतः फिरून पाहीन."

कचेरी हादरली. तिथले कागद वर्षानुवर्षं एका जागी बसून टेबलाचाच भाग झाले होते. काही गठ्ठ्यांत झुरळांचे संसार होते. बद्रुद्दीननं त्या रात्री नमाजात जास्तीची दुआ मागितली. पण हेडक्लार्क रामराव शांत होते. रामरावांनी उभ्या नोकरीत कशावरही स्वतःचं मत म्हणून दिलं नव्हतं, आणि अशा माणसाला संकटात फार लवकर वाट सापडते. त्यांनी एक पान लावलं, ते संपेस्तोवर विचार केला आणि म्हणाले, "कागद मुक्कामी राहू नये असा हुकूम आहे. त्याचा निकाल लावा असं साहेब कुठं म्हणाले?"

त्या दिवसापासून कचेरी सुटायच्या घंटेआधी प्रत्येक टेबलावरचा गठ्ठा पुढच्या टेबलावर जाऊ लागला. शेवटच्या टेबलावरचा पहिल्यावर. साहेब संध्याकाळी फिरत आणि प्रत्येक टेबलावर नवे कागद पाहून त्यांचा ऊर भरून येई. त्यांनी बुलढाण्याला डिप्टी कमिशनरांना लिहून कळवलं की आपल्या तालुक्यात एकही कागद थांबलेला नाही. तिकडून शाबासकी आली. कारकून तर भलतेच खूश होते. कोणी आपल्या अर्जाचं विचारलं की सांगायचं, "कालच आलाय माझ्याकडे, आज पुढे जाईल." दोन्ही गोष्टी शपथेवर खऱ्या! निकाल एकाचाही लागत नव्हता आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं. असं कार्यालय पाहायला मिळणं भाग्याचं.

हे सगळे गठ्ठे उचलून पुढे ठेवायचं काम पुंजाजी जमादाराकडे होतं. पुंजाजी म्हणजे सहा फुटी गडी, भलंमोठं पागोटं, छातीवर लाल पट्टा आणि त्यावर घासून घासून आरसा केलेला पितळी बिल्ला. बद्रुद्दीनची आणि त्याची जोडी जुनी. दुपारी मागच्या ओसरीवर दोघं बसत. पुंजाजीची ज्वारीची भाकर आणि ठेचा, बद्रुद्दीनच्या डब्यातली भाजी. पुंजाजी त्याला मिया म्हणायचा आणि त्याच्या भाषणांची नक्कल करून दाखवायचा. पण पुंजाजीची स्वतःची एक अडचण होती. त्याला कचेरीत उमर गेली तरी गोष्ट फिरवून सांगायला जमत नव्हतं.

कडूबा नावाचा एक शेतकरी वहिवाटीच्या वाटेच्या अर्जासाठी दर बाजाराला येऊन बसायचा. एके दिवशी त्यानं व्हरांड्यात पुंजाजीला गाठलं. "जमादार, मले खरं सांगा. माह्या कागदाचं काय झालं? बिमार पडला काय?"

"बिमार कायचा बे," पुंजाजी भरदार आवाजात म्हणाला, "चांगला खनखनीत हाय. घाण्याच्या बैलावानी फिरून राह्यला. रोज संध्याकाळी मीच फिरोतो त्याले. या हिशेबानं तुह्या अर्जाची कास्तकारी तुह्यापेक्षा जास्त झाली असंन!"

कडूबा हसला. व्हरांड्यातले वकील हसले. उत्तमराव साहेब मागेच उभे होते, ते हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून एवढंच दिसलं की कागद फिरतात म्हणजे काय होतं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं आणि ते चारचौघांत कळलं. दुसरा कोणी असता तर त्यानं रामरावांना बोलावून झाडलं असतं. पण रामरावांना झाडायचं म्हणजे डिप्टी कमिशनरांची शाबासकी परत करणं आलं. साहेब पुंजाजीला म्हणाले, "पट्टा काढ. कचेरीची बदनामी करणारा माणूस मला नको."

पुंजाजीनं पट्टा काढला, घडी केली, स्टुलावर ठेवला आणि चालू लागला. साहेबांना पाहून धोतर सांभाळत पांगणाऱ्या वकिलांच्या मधून वाट काढत बद्रुद्दीन त्याच्या मागे गेला.

"माफी माग बे! दोन शब्दांचं काम हाय."

"काऊन? कागद फिरून नाई राह्यले काय?"

"फिरून राह्यले, पण..."

"मंग? आयक मिया. मी माफी मांगनार नाई. अन् तू माह्यासाठी त्याच्या पाया पडला, तर तुह्या घरचं पानी पेनार नाई मी. त्याच्या मनातून आलं अन् त्यानं सोताहून बलावलं, तर जाईन. कोनाच्या वशिल्यानं नाई."

असा हा गडी. खायला ताठा पुरत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. शेती नव्हती, मुलगा नव्हता, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? त्याची बायको झुंबरबाई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. पुंजाजी मात्र रोज संध्याकाळी कचेरीसमोरच्या निंबाखाली येऊन बसायचा. आत गठ्ठे फिरू लागले की नवा चपराशी कोणता गठ्ठा कुठं ठेवतो ते खिडकीतून बघायचा. बद्रुद्दीनला ते दिसायचं. डब्यातली भाजी तशीच घरी जाऊ लागली, तेव्हा सरवरीनंही भाषणांवरून टोमणे मारायचं थांबवलं.

पुंजाजीच्या नकळत बद्रुद्दीन एकदा साहेबांकडे जाऊन आलाही होता. साहेब मान वर न करता म्हणाले, "मी दिलेला हुकूम मी बदलत नाही. बदलला तर तो हुकूम कसला?"

पण नागपूरला ज्यांचे हुकूम निघतात त्यांना असं काही वाटत नाही. पावसाळा सरल्यावर उत्तमरावांच्याच बदलीचा हुकूम आला आणि कचेरीत दिवाळीआधी दिवाळी झाली. रामरावांनी वर्गणी इतक्या झटपट गोळा केली की ती गती पाहून साहेबांना समाधान वाटलं असतं. मांडव पडला. गावातले वकील, अडते, शाळेचे हेडमास्तर सगळे आले. एका अंगाला चिकाचे पडदे लावून बायकांची बसायची सोय केली, तिथं साहेबांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई मधोमध. आणि कुंपणाबाहेर, निंबाखाली, पुंजाजी.

शेरवानीला अत्तर लावतानाच बद्रुद्दीनच्या डोक्यात ती गोष्ट आली होती. साहेबांच्या ट्रंका बांधून झाल्या होत्या, उद्या सकाळी ते घाट उतरणार. एकदा उतरले की परत कोण येतं? आणि नवा साहेब येईल तेव्हा पट्टा घातलेला पुंजाजी दारात उभा असला आणि सारं गाव त्याला साक्ष असलं, तर कोण काय विचारणार? त्यानं त्यावर जास्त विचार केला नाही. केला असता तर मांडवात गेलाच नसता.

भाषण नेहमीसारखं सुरू झालं. कामाची गती, कागदांना न मिळालेली विश्रांती, वगैरे. रामरावांनी साहेबांच्या तोंडात भला मोठा विडा दिला, हारावर हार चढले. मग बद्रुद्दीननं आवाज उतरवला.

"एक गोष्ट सांगू की नको, असं माझ्या मनात चाललं आहे," तो म्हणाला. "आज सकाळी हुजूरनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या कानात सांगितलं, 'बद्रुद्दीन, सगळी कामं झाली, एक राहिलं. त्या पुंजाजीवर मी रागावलो, पण तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. उद्यापासून त्याचा पट्टा त्याला परत द्या. आणि हे लोकांत बोलू नका, मला मोठेपणा नको.' हुजूर, मला माफ करा. तुमचा हुकूम मी भर सभेत मोडतोय. पण असं दिल पाहून गप्प राहायला मी काही पत्थर नाही."

साहेबांचे डोळे हारांच्या वर आले. ते अर्धे उठले. तोंड उघडायला गेले आणि विडा आडवा आला. तेवढ्यात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मांडवावरचे कावळे उडाले. अडते "वाहवा" म्हणाले, हेडमास्तर शेजाऱ्याला म्हणाले, "माणूस वरून कठोर, पण बघा." रामरावांना या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण वारा कुठला हे त्यांना नेहमीच आधी कळायचं, ते धावत आत गेले आणि पट्टा घेऊन आले.

पुंजाजी कुंपणाबाहेर उभा होता. त्याचा पहिल्यांदा आपल्या कानांवर विश्वास बसला नाही. मग तो सावकाश आत आला, माणसांनी वाट दिली. साहेबांच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "सोताहून?" साहेबांच्या तोंडात विडा होता. पुंजाजीनं त्यांच्या पायावर पागोटं ठेवलं. उठला तेव्हा त्या सहा फुटी माणसाचे गाल ओले होते. पडद्यामागून हुंदक्याचा आवाज आला. अन्नपूर्णाबाईंचा होता तो.

शेवटी साहेब उठले. त्यांनी बद्रुद्दीनकडे असं पाहिलं की दुसरा असता तर जागच्या जागी वितळला असता. मग मांडवाकडे पाहिलं, पुंजाजीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "मी," ते म्हणाले आणि थांबले, "एवढ्या स्तुतीला पात्र नाही."

म्हणजे झालं. सगळं कबूल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या बंगल्यासमोर बैलगाड्या भरल्या होत्या. ट्रंका चढल्या, पलंग चढले, तुळशीची कुंडी चढली. आणि तार आली. इथं यायला नेमलेल्या नव्या साहेबांनी कुठून कुठे सूत्रं हलवली कोण जाणे, बदली रद्द. उत्तमरावांनी आहे तिथंच राहावं.

ही बातमी बद्रुद्दीनला कचेरीच्या माठापाशी कळली. त्याला असा ठसका लागला की रामरावांना त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. पाणी देणारा पुंजाजीच होता, छातीवर पट्टा. "पाह्य मिया," तो आनंदानं म्हणाला, "देवानंच ठेवलं त्या मानसाले!"

सोमवारी साहेबांनी बद्रुद्दीनला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. बद्रुद्दीननं दार लावलं.

"मी तुमच्या कानात केव्हा बोललो?" साहेबांनी विचारलं.

"हुजूर..."

"उभ्या नोकरीत मी कोणाच्या कानात बोललो नाही. मी मोठ्यानं बोलतो. तुम्हाला आजच्या आज घरी बसवता येईल मला. पुंजाजीलाही पुन्हा काढता येईल. येईल की नाही?"

"येईल, हुजूर."

"नाही येत!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "परवापासून माझ्या घरात काय चाललंय माहीत आहे? दोनदा पुरणपोळी झाली. वीस वर्षांत मला काय आवडतं ते घरात कोणी विचारलं नव्हतं, ते आता विचारतात. पुंजाजीच्या बायकोला आमच्या घरून लुगडं गेलंय. बाईसाहेब म्हणतात, 'तुम्ही बाहेर असे आहात, मग घरातच का असे वागत होता?' आता मी घरी जाऊन सांगू, की ते सगळं एका कारकुनानं आपल्या मनानं ठोकून दिलं?"

बोलण्यासारखं बद्रुद्दीनजवळ पुष्कळ होतं, पण ते सगळं मांडवातलं होतं.

"हे कोणाला माहीत आहे?"

"हुजूरला अन् मले."

"पुंजाजीला?"

बद्रुद्दीननं पहिल्यांदा मान वर केली. "त्याले नाई, हुजूर. अन् त्याले कळू देऊ नका. तुमच्या मनातून आलं म्हनून तो आला. नाई तर तो पट्टा आत्ता तुमच्या टेबलावर आनून ठेवंन, अन् उपाशी मरंन. माह्यं काय करायचं ते करा."

साहेबांनी पुंजाजीला परत घेतल्याच्या कागदावर सही केली. दौतीत टाक बुडवला, तो बाहेर काढून बराच वेळ धरून ठेवला, तेव्हा कुठं सही झाली. हुकूम बदलायची त्यांना सवय नव्हती. "जा," ते म्हणाले. "तुमचं काय करायचं ते मी बघतो."

पुढचे काही दिवस सगळं जुन्यासारखं झालं. गठ्ठे संध्याकाळी पुढे सरकत होते, पुंजाजी ते सरकवत होता. कडूबानं बाजाराच्या दिवशी येऊन पुन्हा विचारलं तेव्हा पुंजाजी म्हणाला, "कागद कामात हाय. मोठ्या मनाचा साहेब हाय, पाहीन तो." उपकार झालेला माणूस कचेरीच्या कसा उपयोगी पडतो, ते इतक्या वर्षांत रामरावांनाही ठाऊक नव्हतं.

मग बुलढाण्याहून बद्रुद्दीनच्या बदलीचा हुकूम आला. घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी. जिथं गेलेला कारकून पहिल्याच पावसाळ्यात तापानं काळानिळा होऊन परत बदलीचा अर्ज करतो. बद्रुद्दीनचं घर, शेजारच्या गल्लीत दिलेली मुलगी बानो, तिचं रोज संध्याकाळी मांडीवर येऊन बसणारं पोर, सगळं घाटावर. हुकूम वाचून तो मटकन खाली बसला. पण मनातल्या मनात म्हणाला, चला, स्वस्तात सुटलो.

सुटला नव्हता. साध्या कारकुनाला पानसुपारी द्यायची पद्धत नव्हती. ती साहेबांनी पाडली. "एवढं बोलणारा माणूस न बोलता कसा जाईल?" ते म्हणाले, आणि कचेरी थक्क झाली. मांडव पडला, पडदे लागले, या खेपेला पडद्याआड सरवरी आणि बानो. रामरावांनी बद्रुद्दीनच्या तोंडात विडा दिला, हार घातले, आणि साहेब स्वतः भाषणाला उभे राहिले.

भाषण चांगलं नव्हतं. सवय नव्हती. पण शेवटी त्यांनी आवाज उतरवला, आणि तो आवाज कुठला हे बद्रुद्दीनला लगेच ओळखू आलं.

"ही बदली शिक्षा आहे असं कोणी समजू नये," साहेब म्हणाले. "बद्रुद्दीन माझ्याकडे आले आणि माझ्या कानात म्हणाले, 'साहेब, घाटाखाली कोणी माणूस टिकत नाही, सरकारचं काम अडतं. मला पाठवा. आणि हे माझ्या घरी कळू देऊ नका, बायको जाऊ देणार नाही.' त्यांचा शब्द मी मोडतो आहे, त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यामागून काही आवाज आला नाही, आणि सरवरीकडून आवाज न येणं म्हणजे काय ते बद्रुद्दीनला ठाऊक होतं. फुलांच्या वरून त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब हसत होते. त्यांना हसताना त्या कचेरीनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

बद्रुद्दीन उठला. हार सावरले. सगळा मांडव वाट पाहत होता आणि पुंजाजी खांबाला टेकून पागोट्याच्या टोकानं डोळे पुसत होता. "मी एवढ्या स्तुतीला पात्र नाही," बद्रुद्दीन म्हणाला.

निघायच्या दिवशी गाडी जुंपली तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. बानो दारात रडली, पोराला काही कळत नव्हतं म्हणून ते हसत होतं. पुंजाजी साहेबांची परवानगी घेऊन घाटाच्या तोंडापर्यंत पोचवायला आला होता. गाडीच्या साटीवर हात ठेवून तो बैलांच्या चालीनं चालत होता. गाव मागे पडेस्तोवर सरवरी तोंडातून अक्षर बोलली नाही. मग तिनं पदर नीट केला आणि नवऱ्याकडे वळली.

"मले फक्त एक सांगा, बानोचे अब्बा. काऊन मांगतली तुम्ही ही बदली? मले न इचारता? घाट चढून मी वर आली ते म्हातारपनी उतरासाठी?"

"हाव मिया," पुंजाजीनंही मान वळवली. "मलेबी तेच इचारायचं होतं. काऊन मांगतली?"

बद्रुद्दीननं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पुंजाजीच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. जन्मभर तो खोटं बोलला होता ते सगळं ठाऊक असलेल्या लोकांपुढे. इथं समोर दोघं होती, आणि तो सांगेल ते दोघंही खरं मानणार होती.

"मले तिकडची हवा मानवते," तो म्हणाला.

सरवरीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना दिसले, आणि बद्रुद्दीनला वाटलं की आत्ताच्या आत्ता गाडीतून उडी मारावी आणि सगळं ओरडून सांगावं. पुंजाजी जवळ सरकून, सरवरीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "मिया, भाभी रडून राह्यली. तू म्हन फक्त, मी बोलतो साहेबाशी. देवमानूस हाय तो, माह्यं आयकते. बदली रद्द करंन."

"नको बे पुंजाजी," बद्रुद्दीन म्हणाला. "एवढ्या मोठ्या मनाच्या मानसाले काऊन तरास द्यायचा?" आणि त्यानं गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.